एक घर आणि अनेक भाषा

जुने घर स्वतः बोलत नाही. त्याच्या तुळया, कपाटे, तसबिरी आणि झुंबरे पाहणाऱ्यासमोर मुकाट उभी असतात. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. हे काम करणाऱ्याला सर्वत्र ‘गाइड’ म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘वाटाड्या’ असा जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. रानातील वाटाड्या पाऊलवाट दाखवितो, जुन्या घरातील वाटाड्या सरलेल्या काळाची वाट दाखवितो. दारात येणारे पाहुणे निरनिराळ्या देशांचे आणि निरनिराळ्या भाषा बोलणारे असले म्हणजे हे काम किती अवघड होते, याची कल्पना बाहेरून पाहणाऱ्यास सहसा येत नाही. या मनुष्याला चार भाषा येतात आणि एकच पाठ तो चार वेळा म्हणतो, एवढेच वरवर दिसते. वस्तुतः चार भाषांत एकच घर खरेपणाने सांगणे ही एक कसोटी आहे, आणि ती केवळ भाषाज्ञानाची कसोटी नाही.

प्रथम हे घर म्हणजे काय, ते पाहू. सामान्य वस्तुसंग्रहालयात निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या वस्तू काचेच्या कपाटात मांडलेल्या असतात. प्रत्येकीखाली चिठ्ठी असते, आणि पाहणारा आपल्या सवडीने ती वाचतो. ऐतिहासिक घराचे तसे नसते. तेथे खुर्ची दिवाणखान्यात असते, पळी स्वयंपाकघरात असते, आणि मेणा जेथे उतरवीत तेथेच उभा असतो. चिठ्ठ्या लावल्या तर घराचे घरपण जाते. न लावल्या तर पाहुण्याला काहीच कळत नाही. म्हणून घराला माणसाची वाणी लागते. शिवाय अशा अनेक घरांत आजही कुटुंबे राहतात. पाहुणा एका खोलीत जुनी पेटी पाहत असतो, तेव्हा पलीकडच्या खोलीत कोणी दुपारची विश्रांती घेत असते. अशा ठिकाणी मिटलेले दार मिटलेलेच राहील, कोणत्याही वस्तूला हात लागणार नाही आणि तरीही पाहुण्याला आपण परके आहोत असे वाटणार नाही, हे सारे वाटाड्यालाच सांभाळावे लागते.

गोव्यात अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सासष्टी तालुक्यातील चांदर गावचे ब्रागांझा घराण्याचे घर. चांदर म्हणजे पूर्वीचे चंद्रपूर. गोव्याच्या कदंब राजांची ही जुनी राजधानी. गावातील चर्चच्या समोर हे दुमजली घर लांबच लांब पसरलेले आहे. रस्त्याकडील दर्शनी बाजूला चोवीस खिडक्यांची रांग आहे. घराचे दोन भाग असून पूर्वेकडील भाग परेरा ब्रागांझा शाखेकडे आणि पश्चिमेकडील भाग मेनेझिस ब्रागांझा शाखेकडे आहे. आत शिसवी लाकडाचे कोरीव सामान, मकाव बंदरातून आलेली चिनी मातीची भांडी, मोठमोठी झुंबरे, नृत्याचे विस्तीर्ण दालन आणि घरगुती प्रार्थनामंदिर आहे. हे घर पाहावयास देशोदेशीचे लोक येतात आणि त्यांच्या देणगीचा थोडाफार हातभार घराच्या दुरुस्तीला लागतो. कौलारू छप्पर, लाकडी तक्तपोशी आणि गोव्याचा पावसाळा ही तीन नावे एकत्र घेतली की दुरुस्तीचा खर्च म्हणजे काय, हे कोकणात ज्यांनी घर सांभाळले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

अशा घराच्या दारात उभ्या राहणाऱ्या वाटाड्याला निदान चार भाषा हाताशी ठेवाव्या लागतात. शेजारपाजाऱ्यांशी आणि घरच्या माणसांशी कोंकणी, सहलीला आलेल्या कुटुंबांशी मराठी व हिंदी, परदेशी प्रवाशांशी इंग्रजी, आणि लिस्बनहून किंवा ब्राझीलहून आलेल्यांशी पोर्तुगीज. त्यातून फ्रेंच, जर्मन किंवा रशियन यांपैकी एखादी येत असली तर अधिक बरे. पाहुण्यांशी पहिली दोन मिनिटे जे बोलणे होते, त्यात त्याचा अर्धा निर्णय झालेला असतो. कोठून आलात, किती वेळ आहे, बरोबर वृद्ध किंवा मुले आहेत काय, एवढे त्याने सहज विचारून घ्यावयाचे. संबोधनाची रीत तेथेच सांभाळावी लागते. मराठीत ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’, फ्रेंचमध्ये ‘वू’, जर्मनमध्ये ‘झी’, पोर्तुगीजमध्ये ‘उ सेन्योर’ आणि ‘आ सेन्योरा’. वडील माणसाला एकदम एकेरीत आणले तर पुढची तासाभराची विद्वत्ता फुकट जाते. इंग्रजीत सर्वांना एकच ‘यू’ असल्यामुळे त्या भाषेतून आलेला नवशिका वाटाड्या येथे हमखास घसरतो.

जमाव मिश्र असला म्हणजे खरी अडचण येते. एका तासाच्या फेरीत दोन भाषा बोलावयाच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला अर्धाच तास येतो. प्रत्येक वाक्य दोनदा म्हटले तर दोन्ही बाजूंचे लोक आळीपाळीने कंटाळतात. अनुभवी वाटाडे यावर काही साधे उपाय करतात. चालता चालता ते बोलत नाहीत. खोलीत सर्व जण आले, थांबले, की मग बोलतात. पहिल्या खोलीत एका भाषेला आधी मान दिला तर दुसऱ्या खोलीत दुसरीला देतात. पहिल्या भाषेत खोलीचा इतिहास सांगितला, तर दुसऱ्या भाषेत तोच थोडक्यात सांगून एखाद्या वस्तूचा तपशील जोडतात, आणि ती वस्तू हाताने दाखवितात, म्हणजे ज्यांची पाळी नाही त्यांचेही डोळे रिकामे राहत नाहीत. हे सर्व सवयीने साधते. न साधणारी गोष्ट शब्दांची आहे.

घराच्या प्रवेशाचाच शब्द घेऊ. गोव्याच्या ख्रिस्ती घरांपुढे पायऱ्या चढून गेल्यावर दोन्ही बाजूंना दगडी बैठका असलेला जो उघडा मंडप असतो, त्याला पोर्तुगीज शब्दावरून ‘बाल्कांव’ म्हणतात. संध्याकाळी घरची माणसे तेथे बसतात, आणि रस्त्याने जाणाऱ्याची विचारपूस होते. पोर्तुगालहून आलेल्या पाहुण्याला हा शब्द आपलाच वाटतो. पण त्याच्या देशात आज त्या शब्दाने दुकानातील विक्रीचे लांब मेज किंवा नाटकगृहातील सज्जा डोळ्यांसमोर येतो. म्हणजे शब्द त्याचा आणि अर्थ गोव्याचा! मराठी पाहुण्याला ‘ओटी’ म्हटले की चटकन कळते. तथापि ओटी हा घराचाच एक भाग, आणि बाल्कांव हा घराने रस्त्याकडे पुढे केलेला हात. हिंदू घरांत हीच मोकळीक मधल्या चौकात, तुळशीवृंदावन असलेल्या राजांगणात सापडते. ख्रिस्ती घर बाहेर तोंड करून बसते आणि हिंदू घर आत तोंड करून बसते, एवढे एक वाक्य जोडले, की मराठी पाहुण्याला दोन्ही घरे एकदम समजतात. हेच वाक्य पोर्तुगीज पाहुण्यापुढे निरुपयोगी ठरते, कारण त्याने राजांगण पाहिलेलेच नसते. त्याला आधी शेजारच्या हिंदू घराची माहिती द्यावी लागते.

उलट काही शब्द दोन्ही पाहुण्यांना एकाच वेळी हसवितात. वाटाड्या कुलूप उघडताना मराठीत ‘चावी’ म्हणतो आणि पोर्तुगीज माणूस चमकून पाहतो, कारण तो त्याच्याच ‘शाव’ या शब्दाचा भाऊ आहे. दाराची बिजागरी, घर बांधणारा मेस्त्री, त्याचा पगार, चुन्याचे घमेले, पाण्याचे पिंप आणि डिसेंबरातील नाताळ, हे सारे शब्द पोर्तुगीजांच्या संगतीने मराठीत आले आणि इतके मुरले की आज ते पाहुणे आहेत याची कोणास आठवणही राहिलेली नाही. एका दारापाशी उभे राहून हे दाखविता येते. चार शतकांचा सहवास एखाद्या ग्रंथापेक्षा एका बिजागरीत अधिक स्पष्ट दिसतो.

आकडे हे वाटाड्याचे दुसरे संकट. परक्या भाषेत चांगले बोलणारा मनुष्यही आकडा आला की अडखळतो. केपे येथे चर्चच्या समोर असलेला ‘पालासिउ दु देआंव’ हा वाडा जुझे पावलु द अल्मेदा या धर्माधिकाऱ्याने १७८७ साली बांधला. मराठीत आपण ‘सतराशे सत्त्याऐंशी’ म्हणतो. जर्मन मनुष्य अगदी याच रीतीने म्हणतो: आधी सतराशे, मग सात, आणि मग ऐंशी. मराठी बोलणाऱ्याला ही रचना घरचीच वाटते, इंग्रजाला ती उलटी वाटते. फ्रेंच मनुष्य सत्त्याऐंशीला ‘चार विसा आणि सात’ म्हणतो. आपल्या आज्या बाजारात विसांनी मोजत, त्याची येथे आठवण होते. इटालियन पाहुणा ‘चिंक्वेचेंतो’ म्हणजे अक्षरशः ‘पाचशे’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ असतो १५००च्या पुढची शंभर वर्षे, म्हणजे आपले सोळावे शतक. येथे एका शब्दाच्या चुकीने घर शंभर वर्षांनी म्हातारे किंवा तरुण होते. म्हणून जाणते वाटाडे शतकाचे नाव न घेता सरळ साल सांगतात.

येथवरच्या अडचणी बुद्धीच्या आहेत. अभ्यासाने त्या सुटतात. यापुढची अडचण सचोटीची आहे. दारात आलेला पाहुणा कोण आहे हे कळले, की त्याला काय ऐकावयास आवडेल हेही वाटाड्याला कळते. पोर्तुगीज पाहुण्याला पूर्वजांच्या वैभवाची गोष्ट आवडते. मुंबई-पुण्याकडील किंवा बेळगावच्या पाहुण्याला परकी सत्ता कशी नाहीशी झाली हे ऐकावयाचे असते. इंग्रज पाहुण्याला झुंबरांची आणि भांड्यांची किंमत जाणून घ्यावयाची असते. प्रत्येकाला त्याच्या आवडीचे घर दाखविणे सोपे असते, आणि त्यात चार पैसे अधिक मिळण्याचाही संभव असतो. शिवाय एका भाषेतले बोलणे दुसऱ्या भाषेच्या माणसाला कळत नाही, हा आडोसा आयताच मिळतो. एक भाषा येणाऱ्या वाटाड्याला हा मोह नसतो. अनेक भाषा येणाऱ्याला तो रोज असतो.

चांदरच्या घरात या मोहाची कसोटी लागते. पूर्वेकडील भागात पोर्तुगालचे राजे दोम लुईस यांनी घराण्याला भेट दिलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या आहेत. पश्चिमेकडील भागात हजारो ग्रंथांचे ग्रंथालय आहे. ते लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांनी वाढविलेले. १८७८ ते १९३८ हा त्यांचा जीवनकाल. १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातील पहिले पोर्तुगीज दैनिक ज्यांनी सुरू केले त्यांत ते होते. १९११ साली त्यांनी ‘ओ देबात’ काढले. लिस्बनच्या सरकारने वसाहतींना दुय्यम ठरविणारा कायदा आणला, तेव्हा १९३० साली गोव्याच्या विधिमंडळात त्यांनी गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. गोवा मुक्त झाल्यावर पणजीतील ‘इन्स्तितुतो वास्को द गामा’ या संस्थेला १९६३ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

म्हणजे एकाच छपराखाली एका टोकाला राजाच्या खुर्च्या आणि दुसऱ्या टोकाला त्या राजसत्तेला विरोध करणाऱ्या पुरुषाची पुस्तके! पोर्तुगीज पाहुण्यांना फक्त खुर्च्या दाखवाव्यात आणि मराठी पाहुण्यांना फक्त ग्रंथालय, असा सोपा मार्ग येथे मोकळा आहे. तो घेणारा वाटाड्या खोटे असे काहीच बोलत नाही, तरीही दोघांनाही फसवितो. कारण या घराचे सत्य त्या दोन टोकांच्या मध्ये आहे. ज्या वर्गाला राजाने मान दिला त्याच वर्गातून राजसत्तेला प्रश्न विचारणारा निघाला. आणि त्याने प्रश्न विचारले ते पोर्तुगीज भाषेतच. पोर्तुगीज ही केवळ राज्यकर्त्यांची भाषा होती अशी समजूत घेऊन आलेल्या मराठी पाहुण्याला हे ऐकून थोडे अवघडल्यासारखे होईल; सुखाने नांदणाऱ्या वसाहतीचे चित्र मनात घेऊन आलेल्या लिस्बनच्या पाहुण्यालाही तसेच होईल. दोघांनाही सारखेच अवघडल्यासारखे झाले, तर वाटाड्याने आपले काम नीट केले असे समजावे.

सर्वांत नाजूक शब्द १९६१चा. त्या वर्षी १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. मराठीत आणि कोंकणीत आपण याला ‘गोवामुक्ती’ म्हणतो. जुन्या पिढीतील पोर्तुगीज माणसाच्या तोंडी ‘आक्रमण’ किंवा ‘पाडाव’ या अर्थाचे शब्द असतात. पोर्तुगालनेही पुढे आपल्या देशात लोकशाही आल्यावर १९७४ साली करार करून भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. वाटाड्याने मराठीत ‘मुक्ती’ म्हणावे आणि पोर्तुगीजमध्ये पाहुण्याच्या सुखासाठी दुसरा शब्द घ्यावा काय? सुज्ञ वाटाडा तसे करीत नाही. तो तारीख सांगतो, काय घडले ते सांगतो, गोव्यात या दिवसाला ‘मुक्तिदिन’ म्हणतात हे सर्व भाषांत एकसारखे सांगतो, आणि हा शब्द ऐकून समोरचा गप्प झाला तर १९७४चा करारही सांगतो. पाहुण्याशी वाद घालणे त्याचे काम नाही. परंतु शब्द बदलून त्याचे मन राखणे हेही त्याचे काम नाही.

असाच एक शब्द ‘मुंडकार’. जमीनदार तो भाटकार, आणि त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा, तिची राखण करणारा, वेळप्रसंगी वाड्यावर राबणारा तो मुंडकार. इंग्रजीत त्याला ‘भाडेकरू’ म्हणून चालत नाही, कारण भाडेकरू पैसे देतो आणि मोकळा असतो. मराठीत ‘कूळ’ म्हटले तर शेती कसणारा डोळ्यांपुढे येतो. मुंडकाराचा संबंध मुख्यतः राहत्या घराशी. यासाठी शब्द न शोधता दोन वाक्ये खर्च करावी लागतात. आणि ती खर्च केलीच पाहिजेत. बेळगावहून आलेल्या एखाद्या आजीबाई झुंबराकडे न पाहता नेमके विचारतात, “अहो दादा, एवढं मोठं घर झाडायला माणसं किती लागत असतील हो?” या प्रश्नाला “आजी, पुष्कळ लागत” एवढेच उत्तर देऊन पुढे जाणारा वाटाड्या एक मोठी संधी घालवितो. त्या पुष्कळ माणसांची नावे कोणत्याही तसबिरीखाली नाहीत. १९६४चा शेतकूळ कायदा, त्याची १९७६ची दुरुस्ती आणि १९७५चा मुंडकार संरक्षण कायदा यांनी कसणाऱ्यांना जमिनीचा व राहणाऱ्यांना घराचा हक्क मिळाला. त्याच बदलाने मोठ्या वाड्यांचे जुने उत्पन्न आटले, आणि वाडे पाहुण्यांसाठी उघडण्यामागे हेही एक कारण आहे. आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आणि दारावरच्या देणगीपेटीचे कारण, ही दोन्ही अशी एकाच धाग्यात ओवलेली आहेत.

दंतकथांच्या बाबतीतही वाटाड्याचा कस लागतो. गोव्याबाहेर मराठी माणसे ज्या नगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथील राजवाड्यांत याचे उत्तम उदाहरण सापडते. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा १८७४ साली सर मायकेल फिलोज यांच्या आराखड्यावरून उभा राहिला. त्याच्या दरबार दालनात प्रत्येकी साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची मजबुती पाहण्यासाठी वर हत्ती चढविले, ही कथा तेथे सर्वांना ठाऊक असते. कोणी आठ हत्ती सांगतो, कोणी दहा. हिंदीत आठ, इंग्रजीत दहा आणि मराठीत आणखी दोन, असे होऊ लागले की कथेची गंमत जाऊन थट्टा सुरू होते. चांगला वाटाड्या कथा सांगतो, रंगवून सांगतो, परंतु ‘असे सांगतात’ हे दोन शब्द तो कोणत्याही भाषेत गाळीत नाही. झुंबराचे वजन ही माहिती आहे, हत्ती ही कथा आहे. पाहुण्याने दोन्ही घरी न्याव्यात, मात्र वेगवेगळ्या गाठोड्यांत.

चांदरच्या प्रार्थनामंदिरातही असाच तोल लागतो. तेथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा म्हणून एक अवशेष, एक नख, श्रद्धेने जतन केलेला आहे. गोव्यात त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि ख्रिस्ती नसलेलेही त्यांच्यापुढे हात जोडतात. एखादा पाहुणा गुडघे टेकील, एखादा हात जोडील, एखादा केवळ कुतूहलाने पाहील. तेथे आवाज खाली आणून, हे कुटुंबाच्या श्रद्धेचे स्थान आहे असे सांगून क्षणभर थांबणे, एवढेच सर्व भाषांत सारखे शोभते. काही खोल्यांत न बोलणे हाही भाषाज्ञानाचाच भाग आहे.

हे काम गोव्याला नवे आहे असे मात्र नाही. चांदरपासून फार दूर नसलेल्या रायतूर येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. ग्रंथकार जन्माने इंग्रज, राज्य पोर्तुगीजांचे, बोली कोंकणी, ग्रंथाची भाषा मराठी आणि अक्षरे रोमन! दूरदेशीची कथा इथल्या माणसाला कळावी म्हणून त्यांनी इथलेच शब्द निवडले, आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. याच गोव्यात १६८४ साली स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूमही निघाला होता. तो हुकूम कागदावर राहिला आणि भाषा घराघरांत टिकली. पणजीच्या म्हामाय कामत या व्यापारी घराण्याचे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कागदपत्र पाहिले, तर त्यांत पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी, गुजराती आणि मोडी लिपीतील मराठी अशा भाषा एकत्र नांदताना दिसतात. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात ते जतन केलेले आहेत. एकाच घरात अनेक भाषा हा येथला जुनाच व्यवहार आहे. वाटाड्याने तो फक्त पुढे चालवावयाचा असतो.

आज अनेक ठिकाणी कानाला लावण्याची ध्वनिमुद्रित यंत्रे मिळतात, आणि खिशातील दूरध्वनीही क्षणात भाषांतर करून देतो. त्यांचा उपयोग आहेच. जेथे वाटाड्याला येणारी भाषा पाहुण्याला येत नाही, तेथे यंत्र नसण्यापेक्षा असलेले बरे. परंतु ध्वनिमुद्रित वाणी आधी ठरलेलेच बोलते. आजीबाईंनी झाडणाऱ्या माणसांची चौकशी केली, हे तिला कळत नाही. ‘मुक्ती’ हा शब्द ऐकून कोणी गप्प झाला, हेही तिला दिसत नाही. भाषांतराचे यंत्र शब्दापुढे शब्द ठेवते; ‘मुंडकार’ या शब्दासाठी दोन वाक्ये खर्च करावी, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

मग या कामाची तयारी कशी करावी? ज्या तरुण-तरुणींना हा व्यवसाय पत्करावयाचा असेल त्यांनी प्रथम घर शिकावे आणि मग भाषा. खिडक्यांना काचेऐवजी अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने का, तर काच महाग होती, शिंपला समुद्र देत होता आणि त्यातून येणारा उजेड डोळ्यांना मऊ लागतो, हे कारण ज्याला कळले त्याला ते मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्येही सांगता येते. ज्याला ते कळले नाही, त्याची अस्खलित इंग्रजीही ‘सुंदर’, ‘प्राचीन’, ‘अद्‍भुत’ या विशेषणांपलीकडे जात नाही. त्यानंतर प्रत्येक भाषेत शंभरएक नेमके शब्द जमवावेत: तुळई, कौल, गिलावा, मेणा, दायज, गहाण, वारस. व्याकरणाची चूक पाहुणा हसून सोडून देतो. साल चुकले किंवा नाते चुकले, तर घरच्या माणसांना ते लागते, आणि ती माणसे बहुधा शेजारच्याच खोलीत असतात.

शेवटी एक नियम या सर्वांच्या वर ठेवावा. वाटाड्याने प्रत्येक भाषेत बोलताना असे समजावे की बाकीच्या सर्व भाषांचे पाहुणे मागे उभे आहेत आणि त्यांना प्रत्येक शब्द कळतो आहे. पोर्तुगीजमध्ये सांगितलेले मराठी पाहुण्यासमोर सांगता आले पाहिजे, आणि मराठीत सांगितलेले कोंकणीत घरधन्यासमोर व मुंडकाराच्या नातवासमोरही सांगता आले पाहिजे. उदाहरणे बदलावीत, क्रम बदलावा, ओटीच्या जागी बाल्कांव म्हणावे, विसांनी मोजावे की शेकड्यांनी तेही पाहुण्याप्रमाणे ठरवावे. घर मात्र बदलू नये. चांदरच्या त्या चोवीस खिडक्यांपैकी कोणत्याही खिडकीतून पाहिले, तरी बाहेरचे चर्च आणि आतले घर तेच असते. अनेक भाषा जाणणाऱ्याने पाहुण्याला त्याच्या सोयीची खिडकी जरूर उघडून द्यावी. तिच्यातून दिसणारे दृश्य रंगविण्याच्या भरीस पडू नये.